गोदावरीच्या कालव्यातल्या नावा

आम्ही वाटूरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या बैठकीत एका लेकीनं विचारलं, "आपल्या कालव्यातून नाव का चालत नाही?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न चांगला होता.

पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. आपल्या परतूर तालुक्यातून तो परभणीकडे जातो. तो बांधला शेतीसाठी. पाणी पाळीनं सुटतं. पण हीच गोदावरी खाली आंध्रात पोचते, तिथल्या कालव्यांतून खरोखर नावा चालायच्या.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम इथं इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्याचे कालवे असे काढले की रानही भिजावं आणि नावही चालावी. पाण्याची पातळी बदलते तिथं दोन दरवाजांमधल्या हौदात नाव घ्यायची. मागचा दरवाजा लावून पाणी कमी केलं की नाव अलगद खाली उतरे, मग पुढचा दरवाजा उघडायचा. वारा असला तर शीड, नसला तर माणसं काठावरून दोरानं नाव ओढत. तांदूळ, मीठ, सरपण, प्रवासी, सगळं नावेतून. काकिनाड्याहून कालव्याकालव्यानं विजयवाडा आणि पुढं थेट मद्रास गाठता येई. पुढं आगगाडी आणि मोटारी आल्या, नावा मागं पडल्या.

या वाटेचा समुद्राकाठचा एक तुकडा १८७७-७८ च्या दुष्काळात खोदला गेला. उपाशी माणसांना काम हवं होतं. त्या वेळी दुष्काळी कामावर गड्याला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा असा दर लावला होता. बाईला त्याहून कमी. कालव्याला नाव मिळालं मद्रासच्या गव्हर्नरचं, बकिंगहॅम. टोपल्या वाहणाऱ्या बायांचं नाव कुठंच नाही.

हे ऐकून गटातल्या एक आजी म्हणाल्या, "बहात्तरला आम्हीबी हेच केलं की." खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडीवर दिवस काढले. पुढं १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. आज आपण हक्कानं काम मागतो, त्यामागं या आज्यांचा घाम आहे.

म्हणून गटाच्या वहीत आम्ही काही पानं राखली आहेत. कुणी कोणत्या कामावर माती वाहिली, मजुरी किती मिळाली, ते नावानिशी लिहितोय. तुमच्या गावातही आज्या आहेत तोवर विचारून घ्या, बायांनो.