मेहरुन्निसा दलवाई

मेहरुन्निसा हमीद दलवाई (निधन : ८ जून २०१७, पुणे) या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्या व आत्मचरित्रकार होत. समाजसुधारक आणि कथाकार हमीद दलवाई (१९३२–१९७७) हे त्यांचे पती.

विवाह

मेहरुन्निसा पुण्यातील उर्दूभाषक घरातल्या, तर हमीद चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९५६ मध्ये त्यांचा विवाह इस्लामी पद्धतीने झाला. त्यानंतर काही काळातच विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार त्याची नोंदणी करण्यात आली. या नोंदणीला केवळ कागदोपत्री बाब समजणे चुकीचे ठरेल. तिच्यामुळे पतीचा दुसरे लग्न करण्याचा व तोंडी तलाक देण्याचा अधिकार संपतो, घटस्फोटासाठी न्यायालयात जावे लागते आणि वारसाहक्कास भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. हमीद यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढून तोंडी तलाक व बहुपत्नीत्व रद्द करण्याची मागणी केली. आपल्या पत्नीला ते संरक्षण त्यांनी दहा वर्षे आधीच दिले होते. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले.

या कार्यामुळे दलवाई कुटुंबाला स्वसमाजातून तीव्र विरोध सोसावा लागला. हमीद पूर्णवेळ लेखनात व चळवळीत असल्याने संसाराचा आर्थिक भार मुख्यतः मेहरुन्निसा यांच्या नोकरीवर होता. चळवळीच्या इतिहासात या पगाराची नोंद अभावानेच आढळते.

पतीचे आजारपण

मंडळाचे काम ऐन भरात असताना हमीद यांना मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले. त्यांच्यावर मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया झाली. भारतात हे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून पुढे सर्रास वापरले गेलेले सायक्लोस्पोरिन हे औषध त्या काळी उपलब्ध नव्हते. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी मुंबईत हमीद यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे पार्थिवाचे दफन न करता, कोणत्याही धार्मिक विधीविना दहन करण्यात आले. हयातीत टीका सोसलेल्या कुटुंबाला या निर्णयाचीही किंमत मोजावी लागणार, हे उघड होते.

पुढील कार्य व लेखन

पतीच्या पश्चात मेहरुन्निसा मंडळाच्या कामात राहिल्या. शाहबानो खटल्याच्या १९८५ मधील निकालानंतर मंडळाने कोल्हापूर ते नागपूर असा तलाक मुक्ती मोर्चा काढला; त्यात त्यांचा पुढाकार होता.

‘मी भरून पावले आहे’ हे त्यांचे आत्मचरित्र. ‘भरून पावणे’ हा वाक्प्रचार मराठीत कृतार्थतेने वापरतात, तसाच उपरोधानेही. येथे तो पहिल्या अर्थानेच घ्यावयाचा आहे. सुधारकाच्या घरातील ओढाताण, आजारपण आणि त्यातूनही टिकलेले प्रेम यांसाठी हे पुस्तक हमीद यांच्या वैचारिक लेखनासोबत वाचावे.

त्यांच्या निधनानंतर अडीच महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला. बहुपत्नीत्वाचा प्रश्न मात्र त्या निकालात विचारात घेतला गेला नाही.