जुळवून कोणी घ्यायचं?

संशोधनाच्या सुरुवातीला आपल्यापैकी बरेच जण एक चूक करतात. आधी तंत्र निवडतात, मग त्याला माणूस शोधतात. माझा विषय अपंग व्यक्तींच्या गरजेप्रमाणे बदलणारे इंटरफेस. त्याचा इतिहास वाचताना ही चूक मला नीट दिसली.

२००४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात गायोस आणि वेल्ड यांनी 'सपल' ही प्रणाली मांडली. यात स्क्रीनची रचना संगणकच हिशेब करून ठरवतो. पुढे त्यांनी हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या माणसांची क्षमता मोजली आणि प्रत्येकासाठी वेगळी रचना तयार केली. म्हणजे काय, तर जुळवून घ्यायचं काम माणसाकडून यंत्राकडे गेलं.

आता आपल्याकडे या. घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये कांजूरमार्गला उतरलात की पवई जवळच. तिथल्या आयआयटीच्या आयडीसीमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा मराठी कीबोर्ड आणला. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. हव्या त्या दिशेला बोट सरकवा आणि उचला, झालं.

आता डोळे मिटून हेच करून बघा. अँड्रॉइडचं टॉकबॅक चालू असेल, तर बोट फिरवताना खाली जे येईल ते वाचून दाखवलं जातं. दृष्टिहीन माणसासाठी बोट सरकवणं म्हणजे शोधणं, आणि स्वरचक्रात बोट सरकवणं म्हणजे मात्रा निवडणं. हालचाल एकच, अर्थ दोन!

डोळसांना सोपं गेलं म्हणजे सगळ्यांना जाईलच, असं या गटाने गृहीत धरलं नाही. २०१७ मध्ये 'इंटरॅक्ट' ही आंतरराष्ट्रीय परिषद आयआयटी मुंबईतच भरली. तिथे त्यांनी दृष्टिहीन मराठी वापरकर्त्यांच्या टायपिंगचा अभ्यास मांडला.

मला यातला प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. दृष्टिहीन मुलाला आपल्या भाषेत मेसेज लिहिता येत नसेल, तर कमी कोण पडलं, तो की कीबोर्ड? उत्तर बदललं की संशोधनच बदलतं. म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानावर एक ओळ नक्की लिहा: इथे जुळवून कोण घेणार आहे? तंत्र त्यानंतर निवडा.