'सर्वांसाठी आरोग्य'चं स्वप्न जगाला दाखवणारे डॉ. हाफडान माहलर कोण होते?

औषधांच्या किमतींवर सरकारने मर्यादा आणली, अशी बातमी आली की तिच्यात 'अत्यावश्यक औषधांची यादी' हे शब्द हमखास असतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशी यादी पहिल्यांदा काढली १९७७ मध्ये. तेव्हा संघटनेचे महासंचालक होते डेन्मार्कचे डॉ. हाफडान माहलर. १९७३ ते १९८८ अशी सलग १५ वर्षं ते या पदावर होते. आणि त्याआधीची त्यांची जवळपास दहा वर्षं गेली होती भारतात.

भारतात ते काय करत होते?

१९२३ मध्ये जन्मलेले माहलर क्षयरोगाचे डॉक्टर. इक्वेडोरमधल्या क्षयरोगविरोधी मोहिमेत काम करून १९५१ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेत आले आणि भारताच्या क्षयरोग कार्यक्रमावर त्यांची नेमणूक झाली.

तो काळ महत्त्वाचा होता. घरी राहून औषधं घेणारा रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये मद्रासमधल्या अभ्यासाने दाखवलं. म्हणजे मोठी रुग्णालयं बांधून होईपर्यंत थांबायची गरज नव्हती. पुढे १९६३ मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा ग्रामीण भागातला अभ्यास आला. लक्षणं असलेले निम्म्याहून अधिक लोक आपणहून दवाखान्यात गेले होते, पण तिथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं जात होतं. खेड्यातले लोक अडाणी, ते उपचाराला येतच नाहीत, हा समज त्यामुळे खोटा ठरला. लोक येत होते, दवाखानाच कमी पडत होता.

माहलर तोवर जिनिव्हात संघटनेच्या क्षयरोग विभागाचे प्रमुख झाले होते. एकाच रोगाच्या मोहिमेतून घडलेला हा माणूस पुढे गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचा आग्रह धरू लागला.

जामखेडचा संबंध काय?

संघटनेने १९७५ मध्ये 'हेल्थ बाय द पीपल' हे पुस्तक काढलं. जगभरातल्या मोजक्या यशस्वी प्रयोगांत त्यात अहमदनगर जिल्ह्यातलं जामखेड होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात गावातल्या, अनेकदा निरक्षर बायकाच आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. अशा अनुभवांच्या आधारावर १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे १३४ देशांची परिषद भरली. प्राथमिक आरोग्यसेवेतून सन २००० पर्यंत 'सर्वांसाठी आरोग्य' हे उद्दिष्ट तिथे जाहीर झालं. भारताच्या १९८३ च्या आरोग्य धोरणातही ते आलं.

मग बिनसलं कुठे?

वर्षभरातच टीका सुरू झाली. एवढं सगळं एकदम करणं महागात पडेल, त्यापेक्षा निवडक आजार घ्या, असं काही तज्ज्ञांचं म्हणणं होतं. युनिसेफने लसीकरण, जलसंजीवनी, स्तनपान अशा ठरावीक उपायांवर भर दिला. यातून लाखो मुलं वाचली, हे नाकारता येणार नाही. माहलर यांना मात्र हा शॉर्टकट वाटत होता. गंमत म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीत संघटनेला मिळालेलं सर्वांत मोठं यश एकाच रोगाविरुद्धचं होतं: १९८० मध्ये देवीचा रोग संपल्याची घोषणा झाली. ऐंशीच्या दशकात अनेक गरीब देश कर्जात बुडाले, आरोग्यावरचा खर्च आटला आणि २००० साल आलं तेव्हा उद्दिष्ट हुकलेलंच होतं.

औषधांची यादी मात्र टिकली. सुमारे २०० औषधांच्या पहिल्या यादीला औषध कंपन्यांचा विरोध होता. आज बहुतेक देशांकडे स्वतःची यादी आहे. भारताची पहिली यादी १९९६ ची.

एड्सचा धोका ओळखण्यात माहलर यांची चूक झाली. पण १९८६ मध्ये त्यांनी ती जाहीरपणे कबूल केली आणि संघटनेचा स्वतंत्र एड्स कार्यक्रम उभा राहिला. इतक्या वरच्या पदावरचा माणूस असं सहसा बोलत नाही.

निवृत्तीनंतर २० वर्षांनी, २००८ मध्ये, ते जागतिक आरोग्य सभेसमोर पुन्हा बोलायला उभे राहिले. विषय तोच होता, प्राथमिक आरोग्यसेवा. डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.