तळटीप २३ : पॉप रिव्हेट

२३. लेखकाने इथे ‘खिळा’ म्हटले असले, तरी अभिप्रेत आहे तो पॉप रिव्हेट. भिगवण-डिकसळकडे उजनीच्या फुगवट्यात लाकडी होडीला खिळा ठोकला, तर त्याचे टोक आतून वाकवता येते. वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाकचे पोट मात्र बंद आणि पोकळ. आत हात जात नाही. गळाची काठी उभी धरणारी नळी किंवा दोर बांधायची कडी बसवायची, तर सारे काम बाहेरूनच उरकावे लागते. पॉप रिव्हेट त्यासाठीच. पोकळ नळी भोकात घालायची आणि चिमट्यासारख्या हत्याराने तिच्यातली तार ओढायची. तारेचे डोके आतल्या बाजूला नळीचे टोक फुगवते आणि तार ‘टक्’ करून तुटते. पोकळ रिव्हेट असे बंद करण्याच्या युक्तीचा पेटंट-अर्ज हॅमिल्टन वायली यांनी १९१६ साली केला होता.

पत्र्याचा साधा रिव्हेट प्लास्टिकला लावू नये, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. कयाकचे प्लास्टिक म्हणजे पॉलिथिलीन, ते मऊ; मोठा मासा ओढू लागला की लहान डोके त्यातून निसटते. आत पाकळ्यांसारखा उमलून पसरणारा रिव्हेट घ्यावा. ४.८ मिमीच्या रिव्हेटला ५ मिमीचे भोक पुरते. ते सैल झाले तर पकड गेली. बसवण्याआधी भोकात सीलंट भरावे, नाहीतर पोटात पाणी झिरपते. उजनीचे पाणी गोडे आहे. पण कोकणातल्या खाडीत स्टेनलेसच्या कडीला ॲल्युमिनियमचा रिव्हेट लावला, तर खारे पाणी तो रिव्हेट खाऊन टाकते.