तलवारीवरची एक ओळ

इंदापुरात मालोजीराजे भोसले कोण, हे मुलांना सांगावे लागत नाही. शहाजीराजांचे वडील याच गावच्या लढाईत पडले. त्यामुळे वर्गात तलवारीचा विषय निघाला की मुले सावरून बसतात. एकदा एका मुलाने विचारले, "सर, मराठ्यांची तलवार कुठली आणि मुसलमानांची कुठली?" त्याला कुणाला टोमणा मारायचा नव्हता. कुठेतरी ऐकले होते, ते त्याने विचारले. तरी वर्ग गप्प झाला. काही मुले माझ्याकडे बघू लागली.

मी फळ्यावर लिहिले : श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघुजीराजे यांच्या तलवारीवर ही ओळ देवनागरीत, सोन्याने कोरलेली आहे. एप्रिल 2025 मध्ये ती तलवार लंडनमध्ये लिलावाला निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली.

तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले आहे. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, म्हणजे इकडची. समुद्रमार्गे आलेल्या अशा पात्यांना आपले कारागीर आपल्या मुठी बसवत. अशा मुठीत पंजा झाकला जाई. अनेक मुठींना मागे दांडाही असे, म्हणजे घाव घालताना दुसरा हातही लावता येई. परक्या पात्याची या मातीतली तलवार झाली ती अशी.

आता शब्द पाहू. श्रीमंत आणि सेना हे संस्कृत. साहेब आणि सुभा अरबीतून आले. फिरंग फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ युरोपीय लोकांचा मुलूख. म्यान आणि समशेर फारसी, तर मूठ संस्कृत 'मुष्टी'वरून. वीरांचे पोवाडे गाणारा शाहीर, तोही अरबी 'शायर'च.

मग मी मालोजीराजांकडे वळलो. नगरच्या शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेतून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. इंदापूरच्या मुलांनाही हे ठाऊक नव्हते.

लढाया झाल्या, रक्त सांडले, हे मी लपवत नाही. पण दोन्ही बाजूंच्या सैन्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती, हेही शिकवावे लागते.

तास संपताना तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे ही तलवार राघोजींची, सर. नाव तर त्यांचंच आहे."

मी म्हटले, "बरोबर. वहीत तेवढंच लिही."