खोलीतला सोबती

बाबासाहेबांच्या अमेरिकेतील वास्तव्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात अभ्यासाचे तास, ग्रंथ आणि पदव्या यांनाच बहुतेक जागा मिळते. ते वास्तव्य कुणाच्या सोबतीत झाले, हा इतिहासाचा प्रश्न म्हणून सहसा कुणी विचारत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो.

१९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस, बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती. हार्टले हॉलमध्ये ते आठवडाभर राहिले. तिथले जेवण मानवेना म्हणून हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. हकीकत एवढीच. पण साताऱ्याच्या शाळेत वेगळे गोणपाट घेऊन कोपऱ्यात बसणारा मुलगा इथे दुसऱ्याच्या खोलीत बरोबरीने राहतो, ही घटना एम.ए.च्या पदवीहून लहान कशी म्हणावी?

न्यूयॉर्क काही समतेचे नगर नव्हते. विद्यापीठाजवळच्या हार्लेममध्ये त्याच वर्षांत काळ्यांची वस्ती वाढत होती आणि त्यांना घर नाकारणारे गोरे मालकही होतेच. तेव्हा शहर माणसाला मुक्त करते, हे आपल्या सुशिक्षितांचे आवडते विधान तपासूनच घ्यावे लागेल. माझ्या वडिलांच्या पिढीतली माणसे मुंबईला गेली ती गावकीच्या खोलीत उतरली. त्या खोलीचे उपकार मोठे; माझी कॉलेजची पहिली फी तिथूनच आली. पण सोबत जातीतलीच होती. मी स्वतः नोकरीच्या गावी खोली शोधत हिंडलो, तेव्हा एका घरमालकाने आधी आडनाव विचारले. भाडे सांगायची वेळच आली नाही.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. बडोदेही शहरच, आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाची ती राजधानी. तिथे उतरायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोज दीड रुपया भाड्याने ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात आले. मग त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचे होते, आणि ती मूळच्या ब्राह्मण घराण्यातली. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधला वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. हे सारे त्यांनीच लिहून ठेवले असून ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापले गेले.

न्यूयॉर्कचा सोबतीही पारशी आणि लाठीवालेही पारशी, याकडे वाचकांनी नीट पाहावे. यात पारशी धर्माचा काही संबंध मला दिसत नाही. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये भथेनांना शेजाऱ्यांना जाब द्यायचा नव्हता. बडोद्यातले पारशी मात्र इथल्या व्यवस्थेत मुरलेले होते आणि सवर्णांचा विटाळ त्यांनी आपलाच मानला होता.

भथेनांची मैत्री मात्र मुंबईत आल्यावरही टिकली. १९२० साली लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला बाबासाहेब निघाले, तेव्हा कर्ज देणाऱ्यांत नवल भथेना होते.