कुहिलीपासून कवटीपर्यंत

अकोल्याच्या डोंगरात खाजकुहिली फोफावते. अंगाला लागली की माणूस नाचतो. आयुर्वेदाची ही कपिकच्छू. तिच्या बियांतून लेवोडोपा १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनीच वेगळे काढले. पुढे कंपवातावर तेच मुख्य औषध ठरले. मात्र मरणाऱ्या पेशी ते वाचवत नाही.

श्रोतेहो, पेशी जगवणारे 'जीडीएनएफ' प्रथिन १९९३ मध्ये सापडले. पण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. मग मात्रा द्यायची कशी? ब्रिस्टलमध्ये कवटीतून बारीक नळ्या घालून दर चार आठवड्यांनी ते पोचवले. २०१९ मध्ये निकाल आला: खऱ्या आणि खोट्या औषधात ठरण्याजोगा फरक नाही, स्कॅनमध्ये मात्र सुधारणेची खूण. मात्रा कमी पडली की मुदत? मला हा वाद निकालाहून मोलाचा वाटतो. त्यासाठी ४१ रुग्णांनी कवटीला भोके पाडून घेतली होती.